कंबरदुखीचं यंत्र घ्यावं का?



इंजिनिअर झालं की नातेवाइकांच्या लेखी आपण सगळ्याच यंत्रांचे जाणकार होतो. मी सॉफ्टवेअर लिहिते. पण मिक्सर जळाला तरी फोन मला येतो, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त फोन कंबरदुखीच्या यंत्रांबद्दल येतात. कुणाची खाला कटकट गेटहून बोलत असते, कुणाचे मामू वाळूजहून. "बेटा, तू इंजिनिअर आहेस. मॅग्नेटवाली गादी घेऊ का? शेजारच्यांना फरक पडलाय." म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही, तपासणी आणि औषध यात मी पडणार नाही. पण एखादी वस्तू 'चालते' असा दावा कुणी केला तर तो कसा तपासायचा, हे माझं रोजचं काम आहे. तेवढ्या हक्कानं बोलते.

आधी दुकानात काय काय मिळतं ते वेगळं करू, कारण विकणारा सगळं एकाच टोपलीत टाकतो. एक म्हणजे साधे कायमचे चुंबक शिवलेला पट्टा किंवा गादी. त्यात वीज नसते. दुसरं म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून थांबत थांबत वीज सोडून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करणारी चटई. तिला पीईएमएफ म्हणतात. तिसरं टेन्स. त्यात चुंबक नसतोच. कातडीला चिकटवलेल्या पट्ट्यांतून हलका करंट जातो आणि मुंग्या आल्यासारखं वाटतं. आणि चौथं, गरम होणारे, थरथरणारे पलंग, ज्यांवर 'मॅग्नेटिक' असं फक्त लिहिलेलं असतं. किंमत चांगल्या मोबाइलपासून थेट मोटारसायकलपर्यंत.

साध्या चुंबकाचं प्रकरण लवकर संपतं. तुमच्या फोनमध्ये होकायंत्र आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर आहे. ते क्षेत्र आकड्यांत दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या. चुंबक लांब असताना आपल्या भागात ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा दिसेल. ते पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र. आता पट्ट्यातला चुंबक हळूहळू जवळ आणा आणि पुन्हा लांब न्या. आकडा किती झपाट्यानं कोसळतो ते बघा. छोट्या चुंबकाचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. एक सेंटिमीटरवर जेवढा असतो, त्याचा चौसष्टावा भाग चार सेंटिमीटरवर उरतो. आणि मणक्याचे सांधे कापड, कातडी, चरबी, स्नायू यांच्या पलीकडे, काही सेंटिमीटर आत असतात.

"पण रक्तात लोह असतं ना, चुंबक ते खेचतं, रक्ताभिसरण वाढतं." हे वाक्य प्रत्येक डेमोत असतं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं आहे. ते खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाकडे धावत नाही. धावत असतं तर एमआरआयच्या यंत्रात गेलेला माणूस जिवंत बाहेर आला नसता. आपल्याकडे कंबर दुखणाऱ्या बऱ्याच लोकांनी एमआरआय काढलेला असतो. ते यंत्र साधारण १.५ टेस्लाचं असतं. पट्ट्यातला चांगला चुंबक पृष्ठभागावर ३०० गॉस धरा, तर एमआरआय त्याच्या पन्नास पट. त्यात माणूस वीस-पंचवीस मिनिटं पडून राहतो, आणि तो जो धाडधाड आवाज येतो तो बदलत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेटोळ्यांचाच असतो. चुंबकानं कंबर बरी होत असती तर लोक एमआरआय काढूनच बरे झाले असते. रिपोर्ट आणायला जायची गरज पडली नसती.

मात्र 'चुंबक म्हणजे सगळी फसवणूक' असं म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण ते खरं नाही. न जुळणाऱ्या हाडाच्या फ्रॅक्चरसाठी पीईएमएफ यंत्राला अमेरिकेच्या एफडीएनं १९७९ मध्येच मान्यता दिली. नैराश्यावर डोक्याजवळ जोरदार चुंबकीय स्पंदनं देणाऱ्या उपचाराला २००८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे स्पंदनाचा जोर टेस्लामध्ये मोजतात आणि उपचार प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली होतो. घरच्या बऱ्याच चटयांच्या माहितीपत्रकात आकडा मायक्रोटेस्लात दिलेला असतो. दोन्हींचं नाव एकच, पण मात्रेत हजारो पटींचा फरक. नळाला पाणी येतं आणि जायकवाडीतही पाणीच आहे, असं म्हणण्यासारखं आहे ते. विकणारा हाडाचा अभ्यास दाखवून कंबरेची चटई विकतो. 'नासाचं तंत्रज्ञान' म्हणतात तेही असंच. नासाच्या लोकांनी २००३ मध्ये एक अहवाल काढला होता हे खरं. पण तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींवरचा होता. त्यात कुणाची कंबर नव्हती.

मग कंबरेवर प्रत्यक्ष तपासून पाहिलं तेव्हा काय दिसलं? कायमच्या चुंबकाचा एक छोटा पण नीट केलेला अभ्यास २००० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जुनाट कंबरदुखीचे २० रुग्ण, प्रत्येकाला खरा चुंबकही दिला आणि दिसायला तसाच पण नकलीही. दुखण्यात फरक नाही. टेन्सचा १९९० चा अभ्यास जास्त मोठा, १४५ रुग्णांचा. खरं टेन्स आणि नकली टेन्स यांत फरक दिसला नाही. पण त्याच अभ्यासात काही जणांना व्यायामही दिला होता, आणि त्यांना महिन्याभरात फरक पडला. पुढची गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अभ्यास संपल्यावर बहुतेकांनी व्यायाम सोडला आणि दोन महिन्यांत तो फायदाही विरला.

पीईएमएफचं चित्र एवढं साफ नाही. २०१६ मध्ये सहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. काहींमध्ये दुखणं कमी झालेलं दिसतं. पण चाचण्या लहान, प्रत्येकीतलं यंत्र वेगळं, जोर वेगळा, दिवस वेगळे. यावरून माझं मत असं की 'कदाचित काहीतरी असेल' एवढंच म्हणता येतं. 'कदाचित'साठी संशोधकांनी आणखी चाचण्या कराव्यात. आपल्या अब्बूंनी त्यासाठी ईएमआय भरू नये.

आता खालाचा प्रश्न. शेजारच्यांना फरक पडला, तो कसा? त्या खोटं बोलत नाहीत. जुनाट कंबरदुखी लाटेसारखी असते, काही आठवडे वर, काही आठवडे खाली. माणूस यंत्र कधी घेतो? लाट सगळ्यात उंच असते तेव्हा. त्यानंतर ती तशीही उतरणार असते. श्रेय यंत्राला जातं. त्यात महिनाभर कुणीतरी रोज पंखा लावून निजवतं, विचारपूस करतं, गरम पलंगावर अर्धा तास कुणी कामाला हाक मारत नाही. मोफत डेमो केंद्रांत बायकांना बरं वाटतं यात मला नवल वाटत नाही. कित्येकींच्या दिवसातली ती एकमेव विश्रांती असते.

हे कोडं नवं नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर चुंबकशक्तीनं आजार बरे करायचा. लोक थरथरायचे, बेशुद्ध पडायचे, उठून बरं वाटतंय म्हणायचे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं समिती नेमली. तीत विजेवर संशोधन केलेले बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात 'चुंबकशक्ती' भरली गेली आणि बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. शक्ती भरलेलं झाड भलतंच होतं. मुलगा नाटक करत नव्हता, त्याला खरोखर भोवळ आली. फक्त कारण झाडात नव्हतं.

आणि ही अक्कल फक्त पॅरिसची आहे असंही नाही. त्याच्या आठशे वर्षं आधी बगदाद आणि रय या शहरांत काम केलेल्या अबू बक्र अल-राझीनं सरसामाच्या रुग्णांचे दोन गट केल्याचं लिहून ठेवलंय. एका गटाचं रक्त काढलं, दुसऱ्याचं मुद्दाम काढलं नाही, आणि फरक पाहिला. इब्न सीनानं 'अल-कानून'च्या दुसऱ्या भागात औषध पारखायचे नियम दिले. परिणाम नेहमी दिसला पाहिजे, नाहीतर तो योगायोग समजावा. चाचणी माणसावरच व्हावी, कारण जनावरावर लागू पडलेलं माणसावर पडेलच असं नाही. आपल्याकडे या दोघांची नावं दवाखान्यांना आणि कॉलेजांना देतात, जयंतीच्या भाषणात घेतात. त्यांची पद्धत मात्र आपण यंत्र घेताना घरी आणत नाही. ती घरी आणता येते. कशी, ते सांगते.

पीईएमएफच्या चटईची एक सोय आहे. चालू आहे की बंद हे अंगाला कळत नाही. मग कंपनीकडून परत करायच्या अटीवर, लेखी, दीड-दोन महिन्यांसाठी यंत्र घ्या. सहा आठवडे ठरवा. त्यांतले तीन चालूचे, तीन बंदचे. कोणते, हे बहिणीनं चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि स्वतःकडे लिहून ठेवायचं. दिव्यावर चिकटपट्टी लावायची. यंत्र चालू करायला तिनंच यायचं, म्हणजे चालू केल्यासारखं करायचं, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही (हे सगळ्यात अवघड). ज्याची कंबर दुखते त्यानं रोज फज्रनंतर वहीत शून्य ते दहा असा एक आकडा लिहायचा. सहा आठवड्यांनी आधी त्यानं सांगायचं की कोणते तीन आठवडे चालूचे होते, मग बहिणीनं कागद उघडायचा. सहांतून तीन आठवडे निवडायचे वीस प्रकार होतात. म्हणजे नुसत्या अंदाजानं पूर्ण बरोबर यायची शक्यता वीसात एक. तीनही बरोबर आले आणि आकडेही तेच म्हणत असले, तर मी म्हणेन, ठेवा यंत्र. सॉफ्टवेअरमध्ये एखादं बटण हिरवं असावं की निळं यासाठी आम्ही याहून जास्त मेहनत घेतो.

गरम होणाऱ्या यंत्राला ही चाचणी लागू होत नाही, कारण ऊब लगेच कळते. पण ऊबेनं आराम पडतो हे मान्यच आहे. ताज्या कंबरदुखीत शेक घ्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलंय. शेकाची रबरी पिशवी कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते.

विकत घेणाऱ्यांकडे नीट बघितलं तर त्यांत बायका बऱ्याच असतात. जगभरातच कंबरदुखी बायकांत जास्त आहे. २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माहिती, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार, मसाज, गरजेप्रमाणे काही गोळ्या, हे सुचवलं. कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन, टेन्स नको म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी अर्ध्यांना चालण्याचा कार्यक्रम आणि थोडं मार्गदर्शन दिलं. ज्यांना काही दिलं नाही त्यांची कंबर मध्यकाच्या हिशोबानं ११२ दिवसांत पुन्हा दुखली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांत. नुसतं चालून.

आता सांगा, बुढी लेनमधल्या अम्मीनं चालायला जायचं कुठे? गल्लीत गाड्या लागलेल्या, पोरं क्रिकेट खेळतात, आणि पन्नास वर्षांची बाई हात हलवत भरभर चालली की चार जण विचारतात, कुठे निघालात. हिमायत बागेत सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, पण तिथवर तिला नेणार कोण आणि तोवर घरचा नाश्ता करणार कोण? यंत्राची खरी जादू इथे आहे. त्याला बाहेर पडावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाला आपला वेळ बदलावा लागत नाही. मुलगा एकरकमी पैसे भरतो आणि कर्तव्य झालं असं त्याला वाटतं. इथे बसलेल्या भावांना विचारते. साठ हजारांची गादी आणून देणं सोपं की आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास अम्मीसोबत चालणं, आणि त्या वेळात चहा स्वतः करणं? उत्तर मोठ्यानं देऊ नका.

मशिदीतल्या खुर्च्या वाढल्यात, तुम्हीही पाहिलं असेल. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी जरूर बसावं, दीनात त्यासाठी सवलत आहेच. पण काही जण खुर्चीवर बसतात कारण कुणीतरी सांगितलं, "मणक्यात गॅप आलाय, वाकायचं नाही." हा 'गॅप' फार लोकांना घाबरवतो. वयाच्या विशीतल्या, कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन पाहिले तर ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गादीची झीज दिसते. ऐंशीच्या वयात ९६ टक्के. केस पिकतात तसंच हे. रिपोर्टमधला शब्द वाचून हालचाल बंद केली तर स्नायू ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. किती वाकायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारा. घाटीत अस्थिरोगाची ओपीडी आहे, फिजिओथेरपी आहे. रांग असते, मान्य आहे. (आणि नमाजनं कंबरदुखी बरी होते असे मेसेज पाठवणाऱ्यांना एक विनंती. आपण नमाज कंबरेसाठी पढत नाही. तिला जाहिरात बनवू नका.)

मला यंत्राची खरी भीती पैशांमुळे वाटत नाही. पैसे जातात, परत मिळवता येतात. भीती वाटते ती गेलेल्या महिन्यांची. कंबरदुखी बहुतेक वेळा साधी असते, पण कधी कधी नसते. आपल्या देशात मणक्याचा टीबी आहे. हळूहळू वाढत जाणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, भूक नाही, अशा माणसाला तीन महिने चुंबकाच्या गादीवर निजवलं तर मणका पोखरत जातो, आणि पायातली ताकद जाऊ शकते. टीबीचं औषध सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, पण ते निदान झाल्यावर मिळतं. तुमच्या वयाच्या मुलांसाठी आणखी एक सांगते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली राहते, हालचालीनं मोकळी होते पण आरामानं वाढते, रात्रीच्या उत्तरार्धात दुखून जाग येते, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय? ही खुर्चीत बसून काम करण्याची कंबरदुखी नसू शकते. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा सांध्यांच्या सुजेचा आजार बहुतेकांना पंचेचाळिशीच्या आतच सुरू होतो. त्यावर आता औषधं आहेत. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि लघवी अडली किंवा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पाय उचलेना, तर त्याच रात्री हॉस्पिटल. सकाळची वाट नाही पाहायची.

कायद्याचं थोडक्यात. 'यंत्र' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, मशीन आणि ताईत. ताईतवाल्या यंत्रांबद्दल आपल्याच शहरातल्या खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. इथल्या एका शिक्षकानं टीव्हीवरच्या जाहिरातींविरुद्ध याचिका केली होती. देवाच्या किंवा कुठल्या बाबाच्या नावानं चमत्कारी गुण सांगून वस्तूची जाहिरात करणं बेकायदेशीर आहे, असं न्यायालयानं म्हटलं. आपल्याकडचे गंडे-ताबीजवालेही त्या तर्कातून सुटत नाहीत. १९५४ च्या जादूटोण्याच्या उपायांविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात ताईत, मंत्र, कवच यांचा उल्लेख आहेच, शिवाय मधुमेह, संधिवात, पक्षाघात अशा आजारांची एक यादी आहे. त्यांवरच्या औषधांच्या जाहिरातींना हा कायदा बंदी घालतो. पण दावा दैवी शब्दांऐवजी 'पेशींची ऊर्जा', 'फ्रिक्वेन्सी', 'बायो-मॅग्नेटिक' अशा शब्दांत आला की शिकलेली माणसंसुद्धा मान डोलावतात. जिनच्या नावानं पैसे मागणाऱ्याला आपण हुसकावतो, फ्रिक्वेन्सीच्या नावानं मागणाऱ्याला चहा पाजतो.

एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. म्हणून विकणाऱ्याला औषध नियंत्रकांकडचा परवाना क्रमांक विचारा. आयएसओचा शिक्का, उद्योग नोंदणीचं प्रमाणपत्र, सेलिब्रिटीबरोबरचा फोटो, यातलं काहीच कंबरेबद्दल सांगत नाही. आणि यंत्र घेतलं की 'तुम्हीही चार जण जोडा' असं म्हणाले तर तो दवाखान्याचा विषय उरत नाही. जपानमध्ये 'जपान लाइफ' नावाची कंपनी चुंबकाचे पट्टे आणि कपडे विकायची, आणि ते भाड्यानं देऊन तुम्हाला उत्पन्न देऊ म्हणायची. हजारो लोकांनी म्हातारपणाची पुंजी त्यात घातली. बहुतेक वयस्कर होते. कंपनी २०१८ मध्ये बुडाली, २०२० मध्ये तिच्या माजी प्रमुखाला अटक झाली.

शेवटी, यंत्र आधीच घरात आलेलं असेल तर काय? अम्मीशी भांडू नका. पैसे तिनं स्वतःच्या बचतीतले घातले असतील तर मुळीच नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल, इन्सुलिन पंप असेल, कुणी गरोदर असेल, तर त्या व्यक्तीला यंत्रापासून लांब ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर गरम पलंगावर भाजलेलं कळत नाही, तेवढं बघा. चालू असलेल्या गोळ्या 'आता मशीन आहे' म्हणून बंद होऊ देऊ नका. बिल, जाहिरातीचा कागद आणि व्हॉट्सॲपवरचे दावे जपून ठेवा. परत घ्यायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार स्वतः लिहूनही करता येते. तक्रार मराठीत लिहायला मदत लागली तर कार्यक्रमानंतर मी इथेच आहे. आणि अम्मीला तिच्या यंत्रावर निजायचं असेल तर निजू द्या. उठली की चप्पल पुढे करा, दोन गल्ल्या चालून या.